नुसतं तेल सोडलं

मिस्त्रीला सायकल कानाने कळायची. चाक एकदा फिरवलं की कुठला आरा ढिला आहे, बेअरिंगमध्ये वाळू शिरली आहे की तेल संपलंय, हे तो न बघता सांगायचा. चाळीस वर्षं हाच धंदा. आजूबाजूच्या चार गल्ल्यांत त्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बायकोसुद्धा रागावली की "ऐकलं का मिस्त्री" असंच सुरू करायची.

मग सायकलींना बॅटऱ्या आल्या, आणि त्या कानाला काही ऐकू येईनासं झालं. मोटर का थांबली हे आवाजावरून कळत नाही, कारण थांबलेली मोटर आवाजच करत नाही. दुकान बंदच पडलं असतं, पण सुनेने तारलं. लग्नाआधी ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होती. तारांची तिला भीती नव्हती आणि घाईही नव्हती. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. तेव्हा सकाळचं आवरून ती दुकानात येऊन बसायची. वर्षभरात गिऱ्हाईक दुप्पट झालं, आणि येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारायला लागला, "सूनबाई आहेत का?"

मिस्त्रीने सुरुवातीला हातपाय मारून पाहिले. एकदा दोन तारा उलट्यापालट्या जोडून त्याने एक कंट्रोलर जाळला. कंट्रोलर म्हणजे या सायकलीचा मेंदू. दुकानभर धूर झाला. सून ओरडली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "बाबा, तारांना तेवढा हात लावू नका. बाकी सगळी सायकल तुमची."

"नाही लावणार," मिस्त्री म्हणाला. म्हणणं रास्तच होतं. पण रास्त गोष्टीही कधीकधी काट्यासारख्या रुततात.

तरी तो लांबून बघायचा. एकदा एक सायकल आली, तिची मोटर काही केल्या फिरेना. सुनेने हँडलखालची टेप सोडवली, ब्रेकच्या दोन्ही दांड्यांकडून येणारे दोन छोटे पांढरे प्लग ओढून सुटे केले, थ्रॉटल, म्हणजे वेग द्यायची मूठ, पिळला, आणि चाक भिरभिर फिरायला लागलं. "हं, इथं आहे होय दुखणं," ती म्हणाली. मिस्त्रीच्या डोळ्यांत ते भरलं. नेमकं तेवढ्यात कुणी हवा भरायला आलं, आणि तो पंप घेऊन बाहेर गेला. नंतर तिने ब्रेकचा सेन्सर बदलला, प्लग पुन्हा जोडले, चार वेळा ब्रेक दाबून मोटर बंद होते ना ते पाहिलं. त्यातलं त्याने काहीच पाहिलं नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

त्या मंगळवारी सून सासूला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. दुपारी शिवणवाल्या ताई सायकल ढकलत आल्या. पन्नाशीच्या बाई, एकट्या राहणाऱ्या. घरोघरी जाऊन मापं घ्यायच्या, कपडे शिवून पोचवायच्या. पुढच्या टोपलीत कापडाच्या दोन पिशव्या होत्या.

"मिस्त्री, ही बया पुन्हा रुसली. मध्येच पळते, मध्येच मरते. चढावर तर जीव काढते माझा. सूनबाई कुठायत?"

"दवाखान्यात गेलीय. चार वाजतील यायला."

"अगं बाई! मला चार घरी जायचंय, आणि शाळेच्या नाटकाचे बावीस झगे डोक्यावर आहेत."

"बघतो की मी."

"तुम्ही?"

त्या 'तुम्ही'त वाईट काही नव्हतं. पण मिस्त्रीने पाना उचलला तो त्या एका शब्दापायी. त्याने सायकल स्टँडवर चढवली, थ्रॉटल पिळला. चाक फिरलं, थांबलं, फिरलं, थांबलं. हे तर आपण पाहिलंय, त्याच्या मनात आलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्याने टेप सोडवली, दोन्ही पांढरे प्लग सुटे केले आणि पुन्हा थ्रॉटल पिळला. चाक फिरत राहिलं. थांबेचना. त्याला इतका आनंद झाला की क्षणभर त्याने ते नुसतंच फिरू दिलं. मग सुनेचीच टेप घेऊन, ती गुंडाळायची तशीच व्यवस्थित गुंडाळून, त्याने सगळं झाकून टाकलं.

"झाली? इतक्यात?" ताई चकित झाल्या. "काय झालं होतं?"

आणि तिथे त्याला सुनेला दिलेला शब्द आठवला. ताईंना खरं सांगावं तर ते चार वाजता सुनेच्या कानावर जाणार. बाजूला तेलाची बुधली होती. त्याने ब्रेकच्या दांडीवर दोन थेंब सोडले आणि म्हणाला, "दांडी चिकटत होती ताई. नुसतं तेल सोडलं."

"जुनं ते सोनं म्हणतात ते उगाच नाही," ताई म्हणाल्या आणि गेल्या.

सून आल्यावर त्याने तिलाही तेच सांगितलं. दोन थेंब खरंच सोडले होते, त्यामुळे खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही. त्या दिवशी तो दोन घास जास्तच जेवला.

शुक्रवारी सकाळी इस्त्रीवाला धावत आला. त्याच्या दुकानासमोर उतार संपतो, तिथे एक व्हॅन उलटी मागे येत होती. ताईंनी दोन्ही ब्रेक दाबले, पण सायकल थांबायच्या ऐवजी ओढ घेत पुढेच गेली. व्हॅनला घासून ती लोखंडी कुंपणावर आदळली. ताईंचा उजवा हात मनगटात दोन ठिकाणी मोडला होता.

सायकल टेम्पोतून दुकानात आणली. पुढचं चाक आठच्या आकड्यासारखं झालं होतं. सुनेने आधी ब्रेकच्या तारा पाहिल्या, पॅड पाहिले. सगळं जागच्या जागी. मग तिने हँडलखालची टेप सोडवली आणि तशीच स्टुलावर बसली.

"बाबा, ब्रेकचे प्लग सुटे आहेत."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला.

"माणूस घाबरला की ब्रेक दाबतो, पण मूठही आवळतो. मुठीत थ्रॉटल असतो. म्हणून ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद व्हावी, यासाठी असतात हे प्लग. हे सुटे असले तर इकडून ब्रेक ओढतो आणि तिकडून मोटर ढकलते." ती हातातल्या दोन तारांकडे बघत होती. "मीच केलं हे. पंधरा दिवसांपूर्वी हिचा डिस्प्ले बदलला तेव्हा तपासायला काढले होते. लावायचे राहिले माझ्याकडून."

ते प्लग कशासाठी असतात, हे मिस्त्रीला त्या घटकेला कळलं. तोंड उघडलं होतं, ते उघडंच राहिलं. त्या पहिल्या क्षणी तो गप्प राहिला तो धक्क्याने. खरंच शब्द फुटला नाही. पण सून उठली, हात पुसले, "मी दवाखान्यात जाऊन येते, ताईंना सांगायला हवं," म्हणून पायऱ्या उतरून गेली, तेव्हा धक्का ओसरला होता. तिला हाक मारायला रस्ताभर वेळ होता. त्याने मारली नाही.

रात्री जेवताना बायको सुनेला म्हणाली, "घाई कसली असते गं तुला? लोकांच्या जिवाशी गाठ आहे." सून मान खाली घालून "हो आई" म्हणाली. मिस्त्रीच्या घशात घास अडकला. त्याने पाणी प्यायलं, दुसरा घास घेतला, तोही अडकला.

"तुम्हाला काय झालं?" बायकोने विचारलं.

"कुठं काय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुनेने दुकानाच्या दारावर कागद चिकटवला: बॅटरीच्या सायकलींचं काम बंद आहे. मिस्त्रीने विचारलं, तर म्हणाली, "ज्या हाताचा मलाच भरवसा नाही, तो दुसऱ्याच्या गाडीत कशाला घालू?" आणि तिने मीटर, चिमटे, सोल्डरिंगची कांडी, सगळं पुसून डब्यात भरून डबा फळीवर ठेवला. आलेले लोक कागद वाचून परत जायचे. एक-दोघे मिस्त्रीजवळ येऊन हळूच म्हणायचे, "तरी बरं मिस्त्री, तुमचा हात आहे. शेवटी अनुभव तो अनुभव." खाई त्याला खवखवे. मिस्त्री पंक्चरच्या टबात नळी बुडवून बुडबुडे बघत बसायचा. वर बघायचा नाही.

आज सांगू, असं त्याने रोज ठरवलं. सकाळी ठरायचं, दुपारपर्यंत पातळ व्हायचं, संध्याकाळी उद्यावर जायचं. आणि उद्या सांगणं आजच्यापेक्षा अवघड असायचं, कारण मधला एक दिवस का गप्प बसलास, याचाही जबाब द्यावा लागणार होता.

पाचव्या दिवशी सून दुकानात आली ती जवळजवळ पळतच. कणकेचे हातही धुतले नव्हते.

"बाबा, एक सांगा. मंगळवारी ताई आल्या तेव्हा त्यांची मोटर मध्येच बंद पडत होती ना? दांडी चिकटल्यामुळे?"

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर उजेड होता.

"कारण बघा, प्लग मी पंधरा दिवसांपूर्वीच सुटे ठेवले असते, तर दांडी चिकटू दे नाहीतर मोडून पडू दे, मोटर बंद पडलीच नसती! मोटरला ब्रेकचं कळणार कुठून? बंद पडत होती म्हणजे मंगळवारपर्यंत प्लग जोडलेले होते. म्हणजे मी विसरले नव्हते, बाबा."

ती त्याला पकडायला आली नव्हती. त्याच्यावर तिचा संशयच नव्हता. बुडणाऱ्याने काठावरच्या माणसाकडे हात करावा, तशी ती विचारत होती. आणि मिस्त्रीला ती वाट कुठे येऊन थांबते ते लख्ख दिसलं.

"नाही गं," तो म्हणाला. "मोटर चांगली चालत होती. नुसती दांडी कडक झाली होती."

"पण ताई काही म्हणाल्या असतील ना? त्यांना विचारून बघू का?"

"हात मोडून पडलेल्या बाईला जाऊन काय विचारणार? की चूक माझी नव्हती एवढं म्हणा?"

सुनेचा चेहरा शरमेने लाल झाला. "खरंच की," ती म्हणाली. "स्वतःपुरतंच बघितलं मी." आणि ती गेली.

मंगळवारचं जे झालं ते अज्ञानाने झालं, शुक्रवारचं घाबरून. पण हे त्याने डोळे उघडे ठेवून केलं होतं. तिचं बाहेर पडायचं एकच दार होतं, ते त्याने स्वतःच्या हाताने लावून घेतलं होतं, वर तिलाच लाज वाटायला लावली होती. मिस्त्रीला आपल्याच जिभेची किळस आली. त्याला वाटलं, आत्ता उठावं, हाक मारावी. तो उठलाही. दारापर्यंत गेला, आणि तिथल्या सायकलीत हवा भरून परत आला. त्या सायकलीत हवा भरलेलीच होती.

त्यानंतर सून रोज जेवणं झाली की "जाऊन येते" म्हणून निघायची आणि दिवेलागणीला परतायची. कुठे ते मिस्त्रीने विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण गमावलाय असं त्याला वाटायचं. तो मान मोडून ताईंची सायकल दुरुस्त करत बसला. नवीन रिम घेतली, एकेक आरा ओवला, वाकलेला फोर्क सरळ केला, चाक इतकं बिनचूक लावलं की केसाइतकाही झोल राहिला नाही. ब्रेकच्या प्लगना मात्र त्याने बोट लावलं नाही. ते तसेच लोंबत होते, आणि काम करताना सारखे त्याच्या हाताला लागत होते.

पंधराव्या दिवशी त्याने सायकल हाताने ढकलत ताईंच्या घरी नेली. ती जिन्याखाली लावून तो वर गेला. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दार उघडंच होतं, आणि आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. मिस्त्री उंबऱ्यातच थांबला. मोडक्या हाताने यंत्र कोण चालवतंय?

यंत्रावर सून बसली होती. शेजारच्या खुर्चीत ताई, प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून. "सरळ जाऊ दे, सरळ! बाई गं, ही शिवण आहे की गोगलगायीची वाट?" सून हसली. तिच्या बोटांना तीन ठिकाणी पट्ट्या होत्या. भिंतीला दोरीवर रंगीबेरंगी झगे टांगले होते. शाळेने नाटक पुढे ढकललं होतं, पण झगे तर हवेच होते.

"या मिस्त्री," ताई म्हणाल्या. "बघा, तुमच्या सुनेला कामाला लावलंय. रोज येते. नको म्हटलं तर ऐकत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "राग होता मला. खोटं कशाला बोलू? पण चूक झाली तर स्वतःहून येऊन सांगितलं तिने, लपवलं नाही. असं कोण करतं हो हल्ली?"

मिस्त्री उभा होता तिथेच खाली बसला. उंबऱ्यात. एक पाय आत, एक बाहेर.

"चूक तिची नाही," तो म्हणाला. "मी काढले ते प्लग. मंगळवारी. मोटर बंद पडत होती, मी ते काढले आणि चालायला लागली. मला वाटलं, झाली दुरुस्त. ते कशासाठी असतात ते मला ठाऊक नव्हतं. आणि तारांना हात लावणार नाही म्हणून हिला शब्द दिला होता, म्हणून तुम्हाला सांगितलं की तेल सोडलं."

यंत्र थांबलं.

"दोन्ही प्लग?" सुनेने विचारलं. तिने मान वळवली नव्हती.

"दोन्ही."

"टेप?"

"तुझीच. तुझ्यासारखीच गुंडाळली."

"आणि मी विचारायला आले होते त्या दिवशी?"

खोटं बोलायला आता काही उरलंच नव्हतं. "त्या दिवशी मला सगळं ठाऊक होतं," मिस्त्री म्हणाला. "तू काय विचारतेयस तेही कळलं होतं. तरी मी नाही म्हणालो."

सुनेने अर्धवट राहिलेली शिवण पुरी केली. ती खरंच अगदी सरळ आली. तिने दोरा तोडला, झग्याची घडी घातली आणि उठली. "ताई, तीन राहिलेत. उद्या येते." मिस्त्रीच्या बाजूने, त्याला पाय लागू नये म्हणून साडी सावरून, ती जिना उतरून गेली. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही.

ताईंनी सुनेने घडी घातलेला झगा डाव्या हाताने जवळ ओढला.

"माझा हात तुमच्यामुळे मोडला, ते मी एक वेळ विसरेन," शेवटी त्या म्हणाल्या. "माणूस आहे, चुकतं. पण त्या पोरीचं तोंड बघितलंत का तुम्ही या पंधरा दिवसांत?"

"रोज बघितलं."

"आणि जेवलात?"

तो जेवला होता. घास अडकत होते, पण दोन्ही वेळा जेवला होता.

"जा आता," ताई म्हणाल्या. "आणि सायकल घेऊन जा. मला नको ती."

परत येताना तो आधी इस्त्रीवाल्याकडे थांबला आणि त्याला सांगितलं. मग किराणावाल्याला. जे जे कुणी 'अनुभव तो अनुभव' म्हणाले होते, त्यांना गाठून गाठून सांगितलं. सांगितल्यावर मन हलकं होतं म्हणतात. त्याला तसं काही झालं नाही. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी त्याच्यावर कडाडली. मग एकाएकी गप्प झाली, कारण सुनेला बोललेलं तिलाही आठवलं असावं. ती उठून आतल्या खोलीत सुनेजवळ गेली आणि दार लोटून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मिस्त्रीला कधी कळलं नाही.

दारावरचा कागद त्याने काढला. सून चार दिवस दुकानात आली नाही. उरलेले तीन झगे तिने शिवून दिले. मग एका सकाळी येऊन तिने फळीवरचा डबा खाली घेतला आणि कामाला बसली. मिस्त्रीशी बोलायची ती कामापुरतं. पाना द्या, चाक धरा, त्यांना उद्या बोलवा. महिनाभर असंच चाललं.

मग एक दिवस मोटर न फिरणारी एक सायकल आली. सुनेने प्लग काढून पाहिले. चाक फिरलं. ती म्हणाली, "इकडे या. आता शेवटपर्यंत बघा." तिने जुना सेन्सर काढून दाखवला, नवा बसवला, प्लग जोडले. "दाबा ब्रेक." मिस्त्रीने दाबला. मोटर थांबली. "पुन्हा." तो दाबत राहिला, ती मोजत राहिली.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "चुकलो मी."

"ते कळलंय मला बाबा," ती म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. "प्लगचं मला काही वाटत नाही. मी स्वतः कितीदा चुकलेय. पण त्या दिवशी मी पळत आले होते ना, तेव्हा मला वाटलं होतं, सुटले. ते अजून जात नाही मनातून. जाईल तेव्हा जाईल."

"बरं," मिस्त्री म्हणाला. याहून जास्त मागायची त्याची हिंमत नव्हती.

ताईंचा हात जुळला, पण जाड कापड कापताना अजून दुखतो. सुनेने सेन्सर बदलून, प्लग जोडून दिलेली सायकल त्यांनी भाच्याला देऊन टाकली आणि त्या पायी फिरायला लागल्या. खांद्यावर पिशवी अडकवून त्या गल्लीतून जाताना दिसल्या की मिस्त्री हातातलं काम टाकून बाहेर येतो आणि पिशवी मागतो. कधी त्या देतात, आणि दोघं मुकाट्याने चढ चढतात. कधी नुसती मान हलवून पुढे जातात. तेव्हा तो रस्त्यातच उभा राहतो, त्या वळणाआड होईपर्यंत.